पुरेसा ओला कचरा न केल्याबद्दलची नोटीस मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. श्री. शेखर देऊळकर,
कुलसचिव, खारुन विद्यापीठ,
प्रशासकीय भवन, दुसरा माळा,
नवा रायपूर (छत्तीसगड).

अर्जदार : शांता लहानू रामटेके, स्वयंपाकीण (कंत्राटी), मुलींचे वसतिगृह, भोजनगृह क्र. २. राहणार बीरगांव.

विषय : ओला कचरा निर्माण करण्यात सातत्याने कसूर केल्याच्या कारणावरून देण्यात आलेली सेवासमाप्तीची नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) हरित परिसर कक्षाची नोटीस, दि. २ एप्रिल २०१८.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (हिंदी).
३) आपण दि. २६ जानेवारी रोजी जेवताना काढलेले उद्गार.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्या विद्यापीठात गेली सात वर्षे रोज एकशे चाळीस मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक करते. तिचे माहेर तुमसरचे. नवे राज्य झाले त्या वर्षी लग्न होऊन ती इकडे आली. पती लहानू उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर असतात. हा अर्ज तिच्या सांगण्यावरून तिची भाची चेतना हिने लिहिला आहे. म्हणणे अर्जदाराचे आहे. 'सविनय', 'सबब' आणि 'नमूद' भाचीचे आहेत.

कचऱ्याच्या सक्तीबद्दलचे मागचे दोन्ही अर्ज हिंदीत होते. त्यांवर 'उचित कार्यवाही हेतु' असा शिक्का बसला आणि ते उचित कार्यवाहीसाठी हरित परिसर कक्षाकडे गेले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्यांच्याच टेबलावर. तेथून ते नोटीस होऊन परत आले. म्हणून हा तिसरा मराठीत. प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनानंतरच्या पंगतीत आपण विचारले होते, "बाई, ही चटणी कोणी केली? वर्ध्याला माझी आई करायची." दोनदा वाढून घेतलीत आणि म्हणालात, "इथं मराठी बोलायला माणूस मिळत नाही. काही अडलं तर मला मराठीतच सांगा."

अर्जदाराचे अडले आहे.

२. आपण दोनदा वाढून घेतली ती दोडक्याच्या शिरांची चटणी होती. प्रकरण तेथूनच सुरू होते. दोडका सोलला की शिरा निघतात. त्या तिळासोबत तव्यावर कुरकुरीत परतल्या, मीठ-मिरची घातली, की चटणी होते. शिरा टोपलीत टाकल्या असत्या तर तो ओला कचरा झाला असता आणि अर्जदाराची नोकरी राहिली असती. परंतु अर्जदाराच्या आईने तिला हे दुसरे शिकवलेच नाही. फुलकोबीचा दांडा वरणात जातो. मुळ्याचा पाला पिठल्यात जातो. दुधीची साल चटणीत, शिळ्या पोळ्यांचे कुटके फोडणीत, चहाचा चोथा प्रवेशद्वाराजवळच्या गुलाबांना. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी मुलींनी महिनाभर कोहळ्याची समजून खाल्ली. समजल्यावरही खाल्ली.

भात उरतो तो संध्याकाळी पाण्यात घालून ठेवला जातो. सकाळी त्याला बासी म्हणतात. ती परिसर झाडणाऱ्या कलावतीबाई व त्यांच्या सोबतच्या सहा जणी, कांदा आणि हिरवी मिरची घेऊन, भोजनगृहाच्या मागच्या पायरीवर बसून खातात. पहाटे पाचला घरून निघालेल्या या सात बायांचे दुपारपर्यंतचे जेवण तेवढेच. कामावर रुजू झाल्यापासून अर्जदाराच्या स्वयंपाकघरातून बाहेर टाकायला निघतात ती कांद्याची वरची सुकी सालपटे आणि नारळाच्या शेंड्या. शेंड्यांनी भांडी घासली जातात. तेव्हा सालपटेच.

३. गेल्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ हरित करण्याचे ठरले. ही चांगलीच गोष्ट आहे. त्याआधी ते हिरवे होते, पण कागदावर नव्हते. हरित परिसर कक्ष स्थापन झाला, डॉ. निधी तिवारी मॅडम समन्वयक झाल्या, ग्रंथालयामागे कंपोस्टचे तीन पक्के हौद बांधले गेले, अभनपुरहून ओल्या पोत्यांतून गांडुळे आली आणि 'यहाँ भविष्य पक रहा है' अशी पाटी लागली. अर्जदार उद्घाटनाला हजर होती. तिने टाळ्याही वाजवल्या. पोपटी रंगाची टोपली मिळाली ती तिने डोक्याला लावून घेतली. प्रत्येक भोजनगृहाने रोज पंचवीस किलो ओला कचरा द्यायचा, सकाळी दहाला तो काट्यावर तोलायचा आणि फलकावर लिहायचा, असे ठरले.

पहिल्या दिवशी भोजनगृह क्र. १ चा कचरा भरला एकेचाळीस किलो. अर्जदाराचा, तीनशे दहा ग्रॅम. त्यात टोपलीच्या दांडीला बांधलेला फुलांचा हार होता.

४. भोजनगृह क्र. १ चे आचारी श्री. देवीदास हे गोंदियाचे असून स्वभावाने भले गृहस्थ आहेत. त्यांच्या पोळ्या एका बाजूने जळतात व दुसऱ्या बाजूने कच्च्या राहतात. वरणाबद्दल अर्जदार काही लिहू इच्छीत नाही. मुले ताटे जशीच्या तशी टोपलीत उपडी करतात आणि फाटकासमोरच्या गाड्यावर समोसे खायला जातात. डिसेंबरमध्ये देवीदास यांना 'हरित प्रहरी' ही ढाल देण्यात आली. ढाल स्वीकारताना ते बिचारे खाली पाहत होते. नंतर अर्जदारापाशी येऊन म्हणाले, "शांताबाई, तुमचं चुकून राहिलं. माह्या हातची भाजी खाऊन पाहा, मंग समजन कचरा कसा होते."

५. अर्जदाराचे आकडे वाढेनात तेव्हा कक्षाला संशय आला की, कचरा होतो आहे पण अर्जदार तो बाहेर काढते आहे. तिघांची समिती आली. तिने पिंप पाहिले, मोरी पाहिली, अर्जदाराचा डबा उघडून पाहिला. डब्यात दोन पोळ्या आणि चटणी. ही कशाची, असे विचारता अर्जदाराने खरे ते सांगितले. समितीतील एक सर हर्षाने म्हणाले, "मिल गया!" मग समितीने पुरावा चाखून पाहिला. मग पोळी मागितली. पुरावा संपला. अहवालात 'कचऱ्याचा खाद्यपदार्थांत अनधिकृत वापर' असे नमूद आहे. पुरावा उपलब्ध नसल्याने आरोप सिद्ध झाला नाही आणि उपलब्ध का नाही याचा खुलासा अर्जदाराकडून मागवण्यात आला. अर्जदाराने खुलासा दिला. तो स्वीकारला गेला नाही, कारण त्यात समितीच्या सदस्यांची नावे होती.

६. येथे हे नमूद करणे आवश्यक आहे की निधी मॅडम वाईट नाहीत. त्यांच्यावर वरून दबाव आहे. दि. २८ एप्रिलला बाहेरची तपासणी समिती येणार आहे व तिन्ही हौद तोंडोतोंड भरलेले दिसले पाहिजेत. मॅडम अर्जदाराच्या चुलीशेजारी वेताचा मोडा घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शांता दीदी, आप समझ नहीं रही हैं. मुझे कचरा चाहिए. थोड़ा मोटा छीलिए ना."

अर्जदाराने मोठ्या मनाने प्रयत्न केला. बटाटा जाड सोलायला घेतला. पहिली साल जाड निघाली. दुसरी साल काढताना हात आपोआप बारीक झाला. तिसऱ्या बटाट्याला अर्जदाराने डोळे मिटून घेतले. साल कागदासारखी निघाली आणि बोट कापले. अर्जदाराचे म्हणणे तिच्याच शब्दांत : "मले जमतच नाही ना बापा. मी जाड सोलून राहिली, हात बारीक करून राहिला." मॅडमनी स्वतः तीन बटाटे सोलून दाखवले. ती साले अर्जदाराने मॅडम गेल्यावर तळली.

७. त्यानंतर अर्जदारास दि. ५ व ६ मार्च रोजी दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी भोजनगृह क्र. १ येथे श्री. देवीदास यांच्या हाताखाली पाठवण्यात आले. आदेशात 'कचरानिर्मितीच्या उत्तम पद्धती आत्मसात करणे' असे लिहिले आहे. अर्जदार गेली. पहिला दिवस ती नुसती उभी राहिली. तिला उभे राहवेना. दुसऱ्या दिवशी देवीदास बिडी ओढायला बाहेर गेले असता तिने वरणाला लसणाची फोडणी दिली आणि तवा घासून दिला. बस, एवढेच. त्या दुपारी मुले समोसे खायला गेली नाहीत. भोजनगृह क्र. १ चा कचरा बेचाळीस किलोवरून एकोणीस किलोवर आला.

आणि तो परत वर गेला नाही, कारण देवीदास यांना फोडणी जमली. त्यांनी स्वतःहून पोळ्या उलटायला सुरुवात केली. मुलांनी त्यांचे नाव विचारले. चार वर्षांत प्रथमच कोणी विचारले. ढाल परत मागवण्यात आली. ती देताना ते, पाहणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हसत होते. परंतु कक्षाच्या फलकावर मार्चची रेघ जी खाली आली ती जिन्यावरून घसरल्यासारखी आली, आणि नोटिशीत अर्जदारावर 'अन्य भोजनगृहात उपद्रव पसरवणे' हे कलम वाढले.

८. अर्जदाराने यानंतर आपल्या परीने भरपाई करून पाहिली. बीरगांवात तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सोळा घरांतून तिने साले, देठ आणि नासकी टमाटरे मागून घेतली. शेजारणींनी 'काहून वं शांता, बकरी घेतली का?' असे विचारले. नोकरीसाठी पाहिजे म्हटल्यावर दोघींनी चांगली मेथी निवडून घातली. अकरा किलो भरले. बसमध्ये वास सुटला म्हणून कंडक्टरने तिला मागच्या पायरीवर उभे केले. अर्जदार फाटकावर पोचली, तर सुरक्षारक्षक इंद्रजीत यांनी अडवले. "दीदी, बाहर का कचरा अंदर नहीं जा सकता." पास लागतो. पाससाठी कचरा देणाऱ्याचे ओळखपत्र लागते. अर्जदाराने सोळा घरांची नावे सांगितली. इंद्रजीत यांनी वहीत सात लिहिली, मग पेन ठेवून कपाळ चोळले आणि म्हणाले, "वापस ले जाओ दीदी, मेरी भी नौकरी है." अकरा किलो कचरा अर्जदाराने परत बीरगांवला नेला. त्यातली मेथी निवडून घेतली.

९. हौदांची हकीकत अशी की, देवीदास सुधारल्यापासून गांडुळे उपाशी आहेत. अर्जदार एका दुपारी पाहायला गेली. दुसऱ्या हौदातली वर आली होती आणि भिंतीला चिकटून सुकली होती. माणूस असो की आणखी काही, समोरचा उपाशी असणे अर्जदाराला सहन होत नाही. तिचा व्यवसायच तो आहे. तिने आपला डबा हौदात उपडा केला. चारशे वीस ग्रॅम भरला असता. परंतु दहा वाजून गेल्याने तोलला गेला नाही.

अर्जदाराचे कंपोस्टशी वैर नाही, हे आपण कृपया लक्षात घ्यावे. तिला फक्त एवढेच कळत नाही की, काही वाया जाऊ नये म्हणून जो खड्डा केला तो भरावा म्हणून वाया का घालवायचे. हे तिने निधी मॅडमना विचारले. मॅडमनी हौदावरची पाटी सरळ केली. मग म्हणाल्या, "दीदी, अट्ठाईस तारीख तक मत पूछिए."

१०. आता शेवटचा मुद्दा. नोटीस ज्यावरून निघाली तो.

दि. २३ मार्चच्या आदेशाने अर्जदारास कळवण्यात आले की, भोजनगृह क्र. २ मध्ये रोज दहा किलो तांदूळ जास्तीचा शिजवावा व तो भात थेट हौदाकडे पाठवावा. तसेच भोजनगृहात उरणारे सर्व अन्न त्याच घटकेपासून 'जैविक सामग्री' समजण्यात येईल. ते कोणाही व्यक्तीस खाण्यास देता येणार नाही.

अर्जदाराने आदेश पाळला. चार दिवस पाळला. दहा किलो तांदूळ शिजला म्हणजे किती भात होतो हे आपण घरी विचारून पाहावे. मोठी दोन भगोणी भरून, वाफा निघत असलेला पांढराशुभ्र भात ढकलगाडीवर ठेवून भोजनगृहाच्या मागच्या दाराने न्यायचा. मागच्या दाराला एकच पायरी आहे. त्या पायरीवर सकाळी कलावतीबाई आणि त्यांच्या सहा जणी बसलेल्या असत. पहिल्या दिवशी कलावतीबाईंनी विचारले, "आज बासी नइ हे का दाई?" अर्जदार म्हणाली, "नाही वं." गाडी त्यांच्यासमोरून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पायरीवरून उतरवायला हात लावला, कारण ती जड होती. तिसऱ्या दिवशी पाय आखडून गाडीला वाट दिली. चौथ्या दिवशी त्या आल्या, वाट्या पदराखाली झाकलेल्या होत्या, म्हणजे अर्जदाराला दिसू नयेत म्हणून.

फलकावर त्या चार दिवसांत अर्जदाराच्या नावापुढे प्रथमच हिरवा तारा लागला. चेतनाने त्याचा फोटो काढला. अर्जदाराने तो पाहिला नाही.

पाचव्या दिवशी, मंगळवार, दि. २७ मार्च रोजी, अर्जदाराने गाडी पायरीवर थांबवली, भगोण्यात पाणी ओतले, मीठ टाकले, आणि सातही वाट्या भरल्या. उरलेला भात इंद्रजीत यांनी नेला, माळ्यांनी नेला, आणि एक पातेले निधी मॅडमच्या कार्यालयातल्या शिपायाने नेले. काट्यावर त्या दिवशी शून्य. हाच तो कसूर. ती मान्य करते. ती नाकारायला शिकलेली नाही, जशी ती जाड सोलायलाही शिकलेली नाही.

११. सबब अर्जदाराची विनंती अशी :

नोटीस मागे घ्यावी. ते जमत नसल्यास अर्जदारास अशा ठिकाणी बदली द्यावी जेथे कचरा करणे हा कामाचा भाग नसेल. चेतनाने विद्यापीठात अशी जागा शोधली, अद्याप सापडलेली नाही. तेही न जमल्यास सेवासमाप्ती ३० एप्रिलऐवजी शाळेच्या निकालानंतर करावी; धाकट्याची दहावी आहे आणि लहानू यांची पाळी मिलने महिन्यातून पंधरा दिवसांवर आणली आहे. तेही शक्य नसल्यास अर्जदाराच्या जागी जो कोणी येईल त्याला मागच्या पायरीबद्दल सांगावे. आदेशात लिहू नये. नुसते सांगावे.

अर्जदारास पूर्ण कल्पना आहे की, हा अर्जही दुसऱ्या माळ्यावरून शिक्का घेऊन खाली कक्षाकडेच जाईल. जिना एकच आहे. आपला स्वभाव चांगला आहे हे तिने पंगतीत पाहिले; पण सही करताना माणसासमोर ताट नसते. तेव्हा शेवटची विनंती. कंपोस्टला ओल्याबरोबर सुकेही लागते, कागद चालतो, हे पाटीवरच लिहिले आहे. अर्ज नामंजूर झाल्यास तो आधीच्या दोन अर्जांसह दुसऱ्या हौदात टाकावा आणि त्यांचे वजन अर्जदाराच्या नावे फलकावर लिहावे. तिन्ही मिळून पंचावन्न ग्रॅम आहेत. मसाल्याच्या काट्यावर तोलून पाहिले आहेत.

टाचण्या मात्र आधी काढून घ्याव्यात. गांडुळांना टोचतील.

महिनाअखेरपर्यंत तरी आपल्याच भोजनगृहातली, नम्र,

(सही)
शांता लहानू रामटेके

लेखन : चेतना, अर्जदाराची भाची
नवा रायपूर, दि. ११ एप्रिल २०१८

सोबत :
१) नोटिशीची छायाप्रत.
२) पूर्वीचे दोन अर्ज, शिक्क्यांसह.
३) हिरव्या ताऱ्याचा फोटो.
४) दोडक्याच्या शिरांची चटणी, डबा एक. हा नमुना नव्हे व पुरावाही नव्हे. आपण मागितली होती म्हणून. डबा परत न मिळाल्यास चालेल. चटणी टाकू नये.